दुसऱ्याच्या गोठ्याचा विळा

करडगव्हाणात एक काळ असा होता, की कासाबाई गल्लीत दिसली की बायका आधी विळा लपवायच्या. हसत लपवायच्या, पण लपवायच्या. कासाबाई धनगराची. अंगानं काटक, बोलायला तुटक, हातात लोकर कातायची चाती सदा फिरती. दाराशी आली की ओट्याच्या कडेला टेकायची, चातीला मांडीवर एक फिरकी द्यायची आणि धागा ओढता ओढता म्हणायची, "विळा दे माय तुझा."

"कामून गं? मेंढराला पाला तोडायचाय?"

"न्हाई. पाणी आलं तर तुझ्या म्हशीचं दावं कापायला."

"आन् कापणार कोण? तू?"

"मी कामून? पलीकडची कडूबाई कापंल. तू तिच्या गाईचं काप."

एवढं ऐकलं की घरातली सासू उठून आत जायची ती पुन्हा बाहेर यायचीच नाही. सून चुलीमागून तोंडाला पदर लावून हसायची. कासाबाई धागा चातीवर गुंडाळायची आणि पुढच्या दाराला जायची.

मागणं दिसायला साधं होतं, पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. करडगव्हाणात जित्या जनावराचं दावं कोणी कापत नसे. दावं सोडायचं, गाठ उकलायची, मग कितीही वेळ लागो. कापायचं ते जनावर मेल्यावर, आणि तेही घरच्या माणसानं नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला मुंजाजी मेलेलं जनावर ओढून न्यायला यायचा. तोच आपल्या सुरीनं दावं कापायचा, आणि घरची बाई तोंड फिरवून उभी राहायची. त्यातून दुसऱ्याच्या दावणीला हात लावणं म्हणजे सरळ चोरी. कासाबाई या दोन्ही गोष्टी एकदम मागत होती, आणि मागताना हसतही नव्हती.

धनगराला दावणीतलं काय कळतंय, असं बायका आपसांत म्हणायच्या. ते खरंच होतं. मेंढरं बांधत नाहीत. काट्याच्या वाड्यात कोंडतात, सकाळी काटी बाजूला केली की सगळी बाहेर. कासाबाईच्या घरात दावं नव्हतंच. पण एकदा एक दावं तिनं हातात धरून तसंच सोडून दिलं होतं, आणि ते नवऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

ते अठ्ठेचाळीसच्या वैशाखातलं. राज्य अजून निजामाचं, आणि रझाकारांची टोळी कधी कोणत्या गावावर येईल त्याचा नेम नव्हता. एका सकाळी शेजारच्या झरी गावाकडून एक माणूस पळत आला, टोळी निघालीय म्हणाला, आणि घटकाभरात गाव रिकामं झालं. पोरं, म्हातारी माणसं, चांदीचे वाळे, पिठाचं गाठोडं, जे उचललं गेलं ते घेऊन लोक दुधना नदीपलीकडच्या पळसाच्या रानात शिरले. जनावरं दावणीलाच ठेवली. सोडली तर हंबरत मागं येतील, लपलेली जागा दाखवतील. बांधलेली असली तर निदान घरी राहतील. दिवस मावळायला आपण परत येऊच. दिवस मावळला, दुसरा उगवला. टोळी आलीच नाही, पण भीतीही गेली नाही. पाच दिवस रानातल्या कोणी गावात पाऊल टाकलं नाही.

कासाबाई आणि तिचा नवरा येडबा मेंढरांबरोबर माळावर होते. तिसऱ्या दिवशी मीठ संपलं म्हणून ती भर दुपारी एकटीच घरी आली. गल्लीत माणूस नव्हतं, कुत्रं नव्हतं. गोठ्यागोठ्यातून आवाज येत होता. हंबरणं नव्हे, सुकलेल्या घशातून निघणारी घरघर. समोरच बायनाबाईचा गोठा होता. बायनाबाई तिच्या वयाची, बरोबर नदीवर धुणं धुणारी. कासाबाई आत शिरली. गाईनं खुंट्याभोवती फिरून फिरून खड्डा पाडला होता आणि चाटून चाटून भिंतीचं सारवण खरवडून काढलं होतं. कासाबाईनं घरातल्या रांजणातून घागर भरून तिच्यापुढं ठेवली. गाईनं दोन दमात ती रिकामी केली आणि मग रिकाम्या घागरीचा काठ चाटत राहिली.

कासाबाईनं दाव्याला हात घातला. गाठ बोटांना लागली. तेवढ्यात बाहेर काही तरी वाजलं. वाऱ्यानं कवाड वाजलं असेल, मांजर असेल. पण तिच्या मनात आलं, कोणी बघितलं तर? रिकामं गाव, आणि धनगराच्या बाईच्या हातात दुसऱ्याचं दावं. तिनं गाठीवरचा हात काढला आणि मागच्या दारानं निघाली. येडबाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं केलंस. सोडली असतीस आन् हरवली असती, तर गावानं आपल्याला वेशीत घेतलं नसतं." ते खोटं नव्हतं. म्हणूनच तिला त्याच्यावर चिडताही आलं नाही.

लोक परतले तेव्हा खालच्या आळीत एकोणीस जनावरं दावणीला मरून पडली होती. मुंजाजी दोन दिवस ओढत होता. बायनाबाईच्या दारात कासाबाई चार बायकांसारखी तोंडाला पदर लावून उभी राहिली. जी गाठ तिनं धरली होती तिच्यापासून बोटभर अंतरावर मुंजाजीनं सुरी लावली. एका झटक्यात दावं तुटलं. एवढंच काम होतं ते.

बायनाबाई रडून रडून थकली होती. खुंट्याजवळ बघत ती म्हणाली, "ही घागर हितं कशी आली गं?"

कासाबाईनं तोंडावरचा पदर आणखी ओढून घेतला.

पुढं निजामाचं राज्य गेलं, चावडीवरचा झेंडा बदलला, दप्तरातली भाषा बदलली. बायनाबाईचा नवरा हैदराबादेला गिरणीत काम बघतो म्हणून गेला तो तिकडचाच झाला. बायनाबाई सहा वर्षं लोकांच्या रानात खुरपत राहिली आणि त्यातून तिनं एक तांबडी कालवड घेतली. कासाबाई रोज तिच्याबरोबर नदीवर जायची. घागरीचं बोलणं निघालं नाही.

छप्पनच्या भादव्यात दुधनेचं पाणी खालच्या आळीत शिरलं आणि दोन तासांत ओसरलं. गल्लीत ते गुडघाभरच होतं, पण व्यंकटरावाचा गोठा खोलगट. आत छातीला लागत होतं. व्यंकटराव रेडकाच्या दाव्याची गाठ उकलत होता. अंबाडीचं दावं भिजलं की फुगतं आणि गाठ दगडासारखी होते. त्याची नखं उलटली, बोटांतून रक्त यायला लागलं, गाठ काही सरकेना. कमरेला विळा खोचलेला. कासाबाई दारातून ओरडली, "काप की, दाजी."

"अजून जित्तं हाय गं," व्यंकटराव म्हणाला, आणि गाठ उकलत राहिला. रेडकू त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. मग त्यानं विळा काढला.

दुसऱ्या दिवसापासून कासाबाई दारोदार विळे मागत फिरायला लागली.

सगळ्यांत आधी विळा दिला तो बायनाबाईनं. आपल्या दारात आणून तिनं तो जमिनीवर ठेवला. विळा हातातून हातात देत नाहीत, देणारी-घेणारीत भांडण लागतं म्हणतात. कासाबाईनं तो खालून उचलला.

"माझ्या तांबडीचं तूच काप बाई," बायनाबाई म्हणाली. "दुसरीचा भरवसा न्हाई मला."

घागर कासाबाईच्या ओठावर आली होती. पण तिनं चातीला फिरकी दिली आणि म्हणाली, "बरं."

दोन वर्षांत तेरा बायका झाल्या. हसणाऱ्या सुनाच आधी आल्या, सासवा मागून. पुरुष चेष्टा करायचे, हिला विळ्यांचं दुकान काढायचंय म्हणायचे, पण त्यांनाही व्यंकटरावाची बोटं दिसत होती. ठरलं ते असं: जिचा गोठा तिनं स्वतः विळा द्यायचा. विळा दिला म्हणजे दावं कापायची मुभा दिली, मग मागून चोरी म्हणायचं नाही, अपशकुन म्हणायचा नाही. आणि कोणीही आपल्या स्वतःच्या गोठ्याला जायचं नाही; तो विळा कासाबाई दुसरीकडं सोपवणार, तीच तिथं जाणार.

यावर कडूबाई अडून बसली. तिला चार लेकरं होती आणि दोन म्हशी. "माझा गोठा घराला लागून. आन् मी गल्ली ओलांडून दुसरीच्या जाऊ? ह्यात काय शानपन हाय?"

"पाणी आल्यावर तू घरात आधी काय उचलशील?"

"लेकरं."

"मग?"

"मग... पीठ. गोधड्या."

"मग?"

"पेटी."

"आन् म्हशी कवा?"

बाकीच्या हसल्या. कासाबाई म्हणाली, "घरच्या बाईला घर दिसतं. दुसरीला निस्ता गोठा दिसतो. तुझी लेकरं तुझी सासू काढंल. तू जा."

खालच्या आळीच्या टोकाला दिनकररावांचा मोठा गोठा. गावातली अर्धी जमीन त्यांची, लाल कंधारी बैलांची जोडी तर झरीपर्यंत माहीत. त्यांनी कासाबाईला ओसरीवर चढू दिलं नाही, पण बोलले नीट.

"कासाबाई, उद्या चोरानं दावं कापलं तर तो बी म्हणंल, पाणी आलं व्हतं."

"पाणी आलं का न्हाई ते दिसंल की मालक."

"मला तेवढं बघायला बसायचं न्हाई." आठ दिवसांत त्यांनी परभणीहून लोखंडी साखळ्या आणल्या आणि जोडीची दावी काढून त्या घातल्या. दावंच नाही, तर कापणार काय?

त्यांची बायको नर्मदाबाई त्याच दिवशी मागच्या दाराशी आली. पदराखालून तिनं विळा काढून उंबऱ्याबाहेर ठेवला. "साखळीला ह्यानं काही व्हायचं न्हाई. पण बाकीची वीस जनावरं दाव्यालाच हायेत," एवढं म्हणून तिनं दार लावून घेतलं. तो विळा कासाबाईनं बायनाबाईला दिला. गोठा मोठा होता, बायनाबाईच्या मनगटात जोर होता.

एवढ्या मोठ्या गोठ्याला एक बाई पुरणार नाही हे कासाबाईला कळत होतं. ती मुंजाजीकडं गेली. त्या वर्षी वस्तीतल्या सगळ्यांनी मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं होतं, आणि गाव त्यांच्यावर तोंड सुजवून होतं. मुंजाजी खाटेवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मेलेलं ओढायला बोलवायचे, आता जित्तं सोडायला बोलवायलेत," तो म्हणाला. "गाव बोलवायलंय का तू?"

"मी."

"मंग येतो. पण एक. जित्त्याला हाक मारा, येतो. मेल्यावर मला कुणी हाक मारायची न्हाई. आपलं आपण ओढायचं."

"न्हाई मारणार," कासाबाई म्हणाली. गावाच्या वतीनं असा शब्द द्यायचा तिला काहीच हक्क नव्हता. तो तिनं दिला.

आणि याच दिवसांत तिनं ती चूक केली. ती कोणाला चूक वाटली नाही, तिला तर नाहीच. बायका माळावर जमल्या होत्या, कोणी आधी काय करायचं ते ती सांगत होती. ती म्हणाली, "मोठं जनावर आधी. पिल्लू मागनं." मेंढरांत तसंच असतं. कोकरं डालग्याखाली झाकायची, मेंढ्या दिवसभर रानात. मेंढी मागं वळून बघत नाही. संध्याकाळी परत येते तेव्हा तिला आठवतं. मुक्काम हलवायचा तेव्हाही कळप पुढं जातो आणि कोकरं झोळीत घालून बायका मागून येतात. कासाबाईचा जन्म त्यात गेला होता.

"वासराला सोडून गाय चालंल का?" बायनाबाईनं विचारलं.

"चालती. वासरू काय, खांद्यावर घालून आणता येतं. गाय खांद्यावर येती का?"

बायका हसल्या. गाईम्हशींत केस पांढरे झालेल्या चार जणी तिथं होत्या. त्यांच्यातल्या एकीनंही तोंड उघडलं नाही. इतकं ठासून बोलणाऱ्या बाईपुढं आपल्याला ठाऊक असलेलंही खोटं वाटायला लागतं.

अठ्ठावन्नच्या भादव्यात दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला, ऊनही पडलं. बाजाराचा दिवस, म्हणून बरेच पुरुष परभणीला गेले. पाणी वरून आलं, कुठल्या तरी वरच्या गावांचा पाऊस घेऊन. न्याहारीची भांडी घासून व्हायच्या आत दुधनेला मिळणारा ओढा उलटा वाहायला लागला आणि खालच्या आळीत मागच्या बाजूनं पाणी शिरलं.

बायकांनी हाका मारल्या नाहीत, वाट बघितली नाही. जी ती आपल्या नेमल्या गोठ्याकडं पळाली. हे दोन वर्षांत कासाबाईनं कमावलं होतं. कडूबाई आपली चार लेकरं सासूच्या अंगावर टाकून गल्ली ओलांडून गेली आणि व्यंकटरावाच्या दोन्ही म्हशींची दावी तिनं दोन वारांत कापली. व्यंकटरावाची बायको दारात उभी होती, तिनं फक्त डोळे मिटले. जनावरं पाण्यातून धडपडत माळाकडं निघाली. तिथं येडबा काठी घेऊन उभा होता, कळप वळवावा तशी ती एका जागी वळवत होता.

टोकाला दिनकररावांच्या गोठ्यात बायनाबाई सपासप दावी कापत होती. दिनकरराव स्वतः साखळीशी झटत होते. बैल भेदरून मागं ओढत होते, साखळी ताणलेली, आकडा काही निघेना. मुंजाजी पहार घेऊन आला. कोणाला न विचारता तो गोठ्यात शिरला. या गोठ्यात तो आजवर मेलेल्यासाठीच आला होता. त्यानं खुंट्याच्या बुडाशी पहार घातली आणि दोन्ही खुंटे मुळासकट उपटले. लाल जोडी साखळ्या, खुंटे ओढत पाण्यातून बाहेर पडली. दिनकररावांनी त्याच्याकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली.

कासाबाई बायनाबाईच्या गोठ्यात होती. तांबडी आठ दिवसांची व्यालेली. वासरू आत घराच्या कोपऱ्यात बांधलेलं, तिथं अजून पाणी घोट्याएवढं होतं. तिनं बायनाबाईच्याच विळ्यानं तांबडीचं दावं कापलं. विळा ओल्या अंबाडीतून लोण्यातून जावा तसा गेला, आणि तिला दहा वर्षांनी पहिल्यांदा बरं वाटलं. गाय जागची हलेना. आत तोंड करून हंबरत राहिली. कासाबाईनं तिच्या पाठीत काठी घातली, शेपूट पिळलं, रेटत रेटत तिला गल्लीच्या वरच्या तोंडाला नेलं. पलीकडच्या गोठ्यात अजून दोन गाई होत्या. त्या सोडून मग वासरू खांद्यावर घेऊ, असा तिचा हिशोब होता. कोकरासारखं.

माळावर साठ-सत्तर जनावरं जमली होती. तेवढ्यात घराघरांतून वासरं ओरडायला लागली. आईशिवाय, वाढत्या पाण्यात. आधी एका म्हशीनं मान वर केली. मग तीन गाई वळल्या. येडबानं काठी आडवी धरली, ओरडला, पण तो मेंढरांना ओरडत होता तसं, आणि ही मेंढरं नव्हती. गाई त्याला ढकलून उतारानं सुटल्या. उतरणाऱ्या जनावरांनी चढणाऱ्या जनावरांना वाटेत गाठलं आणि गल्लीच्या तोंडाला एकच कोंडी झाली. पाणी तोवर कमरेच्या वर गेलं होतं.

कासाबाई पलीकडच्या गोठ्यातून बाहेर आली तेव्हा तांबडी तिच्या समोरून गेली. पोहत गेली. कासाबाईनं तिच्या गळ्यातलं तुटकं दावं पकडलं. तिनं स्वतः कापलेलं, हातभर उरलेलं. ओलं दावं हातातून सरकलं. गाय बायनाबाईच्या दारात शिरली आणि आतून वासराचा आवाज थांबला, आई दिसल्यावर थांबतो तसा. मग मागची भिंत बसली. मातीची भिंत पाण्यात बसते तेव्हा फार आवाज होत नाही.

तिसऱ्या प्रहरी पाणी उतरलं. एकही माणूस गेलं नाही. जनावरं चौदा गेली. त्यातली अकरा सुटलेली, वर पोचलेली आणि पुन्हा खाली गेलेली. बायनाबाई टोकाच्या गोठ्यातून आली तेव्हा तिच्या अंगावर चिखल आणि तोंडावर हसू होतं, वीसच्या वीस काढली म्हणून. आपल्या दाराशी आली आणि थांबली. ढिगाऱ्याखालून तांबडीचा एक पाय बाहेर होता. बायनाबाईनं कासाबाईला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गावानं मुंजाजीला निरोप धाडला. तो आला नाही. "जोडी काढायला बरा आला व्हता," असं कोणीतरी चावडीवर म्हणालं. दिनकरराव ऐकत होते, बोलले नाहीत. कासाबाई चावडीपुढं जाऊन उभी राहिली. "त्याला मी शब्द दिलाय. त्यानं यायचं न्हाई. आपलं आपण ओढायचं." कोणी उठलं नाही. मग तिनं आणि येडबानं दोर घेतला आणि ढिगारा उपसून आधी तांबडीला ओढलं. वासरू कासाबाईनं खांद्यावर घालून नेलं. धनगराच्या घरानं मढी ओढली म्हणून सणाला तिच्या घरी कोणी वाण पाठवलं नाही. पण तिसऱ्या दिवशी वास सुटला, तेव्हा व्यंकटराव आला, मग आणखी दोघं आले, आणि चौदाही जनावरं गावानं आपल्या हातानं ओढली.

त्यानंतर विळे परत यायला लागले. ज्या त्या घरची बाई आपल्याकडचा दुसरीचा विळा आणून कासाबाईच्या उंबऱ्याशी ठेवायची आणि निघून जायची. एकदा तिन्हीसांजेला तीन होते, एकदा पाच. नर्मदाबाईचा विळा तेवढा आला नाही; तो बायनाबाईकडं होता. आणि बायनाबाईचा कासाबाईकडं. घासून, तेल लावून तो तिनं आढ्याला खोचून ठेवला होता. हिवाळाभर दोघी नदीवर वेगवेगळ्या वेळी गेल्या. बायनाबाई पुन्हा लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली.

एकोणसाठचा मृग तोंडावर आला. एके सकाळी कासाबाईनं सगळे विळे घोंगडीच्या तुकड्यात बांधले.

"कुठं जायलीस?" येडबानं विचारलं.

"दारोदार."

"त्या दारात हुभं तरी करतील का तुला?"

"न करू दे." त्या दिवशी तिनं चाती घरी ठेवली.

प्रत्येक दारात तिचं बोलणं एकच होतं. "मी चुकले. वासरू आधी, मग गाय. वासरू पुढं उचलून चालायचं, गाय आपसुक मागं येती. तुमाला हे ठाऊक व्हतं, मी तुमाला बोलू दिलं न्हाई. विळा देतीस का पुन्हा?" एका सासूनं सगळं ऐकून दार लोटलं. कडूबाईनं आपला विळा ओळखून घेतला, धार बघितली आणि पुन्हा तिच्यापुढं ठेवला. एकीनं आपला विळा ठेवून घेतला आणि वर विचारलं, "चौदा जनावरं भरून देतीस का?" कासाबाई म्हणाली, "न्हाई देऊ शकत," आणि पुढच्या दाराला गेली.

बायनाबाई नव्या भिंतीला सारवत होती. गोठ्याच्या जागी खुंटा तसाच होता. कासाबाई ओट्याला टेकली नाही. उभ्यानंच म्हणाली, "तांबडी माझ्या चुकीनं गेली, ते तुला म्हाईत हाय. आधीची गाय बी मलाच सोडता आली असती. अठ्ठेचाळीस साली, तिसऱ्या दिवशी, मी हितं आले व्हते. गाठ हातात धरली आन् भिऊन तशीच ठेवली."

बायनाबाईचा सारवणारा हात थांबला.

"घागर तू ठेवलीस तर," ती म्हणाली.

"व्हय."

"अकरा वर्षं मी समजायले, माझ्याच हातनं घाईत राहिली. आन् पाण्याची घागर जवळ असून बी ती मेली कशी, त्याचं कोडं."

कासाबाईनं घोंगडीतून तिचा विळा काढला आणि जमिनीवर ठेवायला वाकली.

"खाली ठेवू नको," बायनाबाई म्हणाली. शेणानं भरलेला हात पुढं करून तिनं तो कासाबाईच्या हातातून काढून घेतला. "भांडण लागायचं ते लागलंय."

विळा तिनं नव्या भिंतीतल्या खुंटीला अडकवला. मग पुन्हा सारवायला बसली, आणि पाठमोरीच म्हणाली, "दिनकररावाच्या गोठ्याचा विळा माझ्याकडंच राहू दे. औंदा तितं नऊ वासरं हायेत. एकटीनं निघायची न्हाईत, अजून दोघी दे मला. आन् माझ्या दारात तू यायचं न्हाई. काही सांगायचं असलं तर कडूबाईला धाड."

"बरं," कासाबाई म्हणाली.

तिनं घोंगडीची गाठ पुन्हा बांधली. त्या गल्लीत अजून सहा दारं राहिली होती.